मातामायची खोळ

मोहाडीच्या स्टँडवर भंडाऱ्याची गाडी लागली तेव्हा पंचफुला आधीच खिडकीशी बसलेली होती. मी तिला बोलावले नव्हते. आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाचा, डोमाचा फोन आला आणि शेजारच्या अंगणातून तिने तो ऐकला. माझ्या घरातले तिला कळले नाही असे आजवर काही झालेले नाही.

डोमा म्हणाला होता, "बाई, मातामायनं खोळ टाकली. तुले यावंच लागते."

मातामाय ही गावाची देवी. माझे माहेर पवनीजवळच्या एका खेड्यात आहे, आणि तिथली मातामाय आमच्याच शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभी आहे. मूर्ती नाही, एक उभा दगड. त्याला पिढ्यानपिढ्या तेल-शेंदूर लागत आला. थर फार जड झाला की तो सुटून पडतो. त्याला खोळ टाकणे म्हणतात. मग नव्या शेंदराचा पहिला हात घरच्या थोरल्या लेकीने लावायचा आणि चांदीचे डोळेही तिनेच बसवायचे. तोपर्यंत देवीला कोणी शिवत नाही. आमच्या घरी थोरली लेक मी. माझ्या उभ्या जन्मात खोळ पडली नव्हती, आणि आधी पडल्या त्या वरवरच्या; खालचा दगड कोणी पाहिल्याचे ऐकले नव्हते.

पण डोमाचा आवाज देवीच्या कामाचा वाटला नाही. फोन ठेवताना तो म्हणाला, "लवकर ये. खाली चाक निंगालं."

चाक म्हटल्यावर पंचफुलाने पिशवी भरली. तिच्या बापाने छप्पन सालीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. चाकावर तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठा, असे तिने गाडी सुटायच्या आत मला सांगून टाकले.

भंडाऱ्याला गाडी बदलली. धानाची रोवणी आटोपली होती. दोन्ही बाजूंना बांध्या (धानाचे पाणी धरणारी शेते) हिरव्यागार, आणि मधल्या पाण्यात आभाळ. अड्याळच्या पुढे एका पोराने आम्हाला जागा करून दिली आणि विचारले, "आजी, पवनीले दर्शनाले चालल्या का?"

"स्तूप पाहाले," पंचफुला म्हणाली.

"भावाकडं," मी म्हणाले.

तो हसला. "दोघी एकाच गाडीत कशा?"

"तिकीट एकच लागते म्हनून," पंचफुलाने त्याला गप्प केले.

पवनीला उतरल्यावर मी रिक्षा पाहू लागले, तर ही टेकडीकडे निघाली. माझे लहानपण त्या गावाच्या बाजारात गेले, पण जगन्नाथाच्या देवळाच्या टेकडीकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. देव वर आहे एवढे ठाऊक. खाली अशोकाच्या काळचा स्तूप आहे, हे खणणाऱ्यांनी खणून सांगितले तेव्हा मी लग्न होऊन मोहाडीला गेलेली. त्या दिवशी मी विटा पाहिल्या. एकेक वीट माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. अशी वीट आमच्या भागात आज कोणी पाडत नाही आणि पाडली तर एकट्याला उचलत नाही. पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा आणि खंदक पाहूनही मी कधी दबले नव्हते, त्या विटांपुढे दबले. देवळांच्या गावाखाली दुसरे गाव होते, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर बसून भाजीचा भाव करत होतो.

"वर तुहा देव, खाली आमचा बुद्ध," पंचफुला म्हणाली. "आता सांग, पहिले कोन आलं?"

"पहिले आलेला खाली दबते, एवढं मले दिसते," मी म्हणाले. तिला ते आवडले नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. झेंड्यावरचे चक्र अशोकाचे, असे गुरुजींनी पाठ करून घेतले होते. अशोक कोठला, हे त्यांनी सांगितले नाही. मला तो दिल्लीकडचा कोणी वाटायचा. देश म्हणजे दिल्ली, आणि आम्ही वैनगंगेच्या काठची जंगली माणसे, असेच वाटायचे.

खेड्यात पोचलो तेव्हा डोमा वाट पाहत उभा होता. धुऱ्यावरून चालताना माझा पाय घसरला आणि मी बांधीत बसले. एक चप्पल चिखलाने गिळली. पंचफुला मला उचलायच्या ऐवजी हसत उभी राहिली. डोमा मात्र हसला नाही. तशीच एका पायात चप्पल घालून मी मातामायपुढे उभी राहिले, आणि मला चपलेचे भान राहिले नाही.

मी जन्मभर जिला तांबडा गोळा म्हणून ओळखत होते, ती करडी, उंच, नुकती न्हाणीतून आल्यासारखी उभी होती. तिच्या छातीवर चाक होते. मधोमध तुंबा, त्यातून फुटलेले आरे, भोवती कमळाच्या पाकळ्यांची कड. रेघ इतकी धारदार की कोरणारा आताच हत्यार ठेवून पाणी प्यायला गेला असेल असे वाटावे. फक्त खालचा एक कोपरा फुटलेला होता.

खोळीचे तुकडे टोपल्यात ठेवले होते, वैनगंगेत सोडायला. मी एक मोठा तुकडा उचलला. त्याच्या कडेला थर दिसत होते, लाकडाच्या ओंडक्यात दिसतात तसे: केशरी, तांबडे, मग काळे. वरचे थर माझ्या आईच्या हातचे. खालचे कोणाच्या, ते सांगणारे कोणी नाही. तुकडा उलटा केला. आतल्या बाजूने चाक उमटले होते, गूळ साच्यातून निघावा तसे. आमच्या बायकांनी किती पिढ्या त्या चाकाला हाताने तेल चोळले, आणि एकीलाही ठाऊक नव्हते. शेंदूर होता म्हणून ते ऊन-पाण्यात झिजले नाही.

पंचफुलाने हात जोडले.

संध्याकाळी भावजयीने काटवलाची भाजी आणि भात वाढला, पण जेवणात कोणाचे लक्ष नव्हते. डोमा ताटावरच बोलला, "बाई, सकाळी उठल्याबरोबर शेंदूर चढव. पूर्ण झाकून टाक. आज चाक निंगालं, उद्या तारेचं कुंपन येईन. सरकारनं वावर घेतलं तं मी खाऊ काय?"

"झाकू नोको," पंचफुला म्हणाली. "लोक आमाले म्हनतात, तुमी छप्पनचे, कालचे. हा दगड सांगते आमी कवाचे होतो ते. झाकशीन तं आमचं तोंड झाकशीन."

"तू बपेऱ्याची, नांदली मोहाडीत," मी म्हणाले. "इथच्या दगडाशी तुहं काय नातं?"

"अन् तुह्या घरचे इथी कवा आले, ते तरी तुले मालूम हाय का?"

मला मालूम नव्हते. मी भात कालवला.

तेवढ्यात सरपंचबाईंचे यजमान आले. सही बाईंची आणि बोलणे यांचे, म्हणून गाव त्यांनाच सरपंच म्हणते. हातात निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. "आजी, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन औंदा तुमच्या धुऱ्यावर," ते म्हणाले. "चक्र निळं करू, फुटलं तेथी सिमेंट भरू अन् आरे पुरे चोवीस करू. जिल्ह्यातून लोक येतीन. आपल्या गावातून देश निंगाला म्हना ना!"

"आता किती आरे हायेत?" मी विचारले.

त्यांनी मोजले ते फुटलेले धरून चोवीस भरले होते. शाळेच्या मास्तरांचे कमी भरले, डोमाने मोजायला नकार दिला. फुटलेल्या कोपऱ्यात ज्याला जेवढे हवे होते तेवढे आरे सापडत होते.

"चोवीस नसन तं?"

"चोवीसच पायजेत, आजी. नाई तं लोक म्हनतीन हे झेंड्यावरचं नोहोय."

मी म्हणाले, "ज्यानं कोरलं त्यानं तुमचा झेंडा पाह्यला होता काय?" ते हसले, पण डबा घेऊन गेले नाहीत. ओसरीवरच ठेवून गेले.

सकाळी आंघोळ करून मी वाटीत तेल-शेंदूर कालवला. अर्धे गाव धुऱ्यावर. रंगाचा डबाही आला होता. मी चाकापुढे उभी राहिले आणि माझा हात उठेना. झाकले तर चाक जपले जाईल, हे मला खोळीने दाखवले होते. पण आता सगळ्यांनी पाहिले होते. पाहिलेले झाकणे म्हणजे जपणे नव्हे. ते लपवणे.

मी दगडाच्या मागे गेले. मागची बाजू साधी, टाकीने ओबडधोबड केलेली.

"डोमा, मायचं तोंड कोन्या बाजूनं?"

"समोर. आजपर्यंत समोरच होतं."

"कोनं ठरवलं?"

तो चिडला. "कोन कशाले ठरवते? जिकडं डोळे तिकडं तोंड."

"डोळे कोन लावते?"

त्याने माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिले. मग म्हणाला, "तू."

मी मागच्या बाजूला शेंदराचा पहिला हात ओढला, भुवयांच्या जागी, मग खाली. त्यात चांदीचे डोळे दाबून बसवले. डोळे गावाकडे झाले, चाक नदीकडे. बायका आधी कुजबुजल्या, मग एकीने वळसा घालून नव्या तोंडापुढे नारळ ठेवला. पंचफुला जागची हलली नाही. ती चाकापुढेच उभी होती; तिचे समोर तेच होते.

सरपंचांनी डब्याचे झाकण उघडले. "मंग समोरून रंग देऊन टाकू ना, आजी?"

"डोळे बसले. आता हे मायचं अंग हाय," मी म्हणाले. "मायच्या अंगाले शेंदराशिवाय काही लागत नाई, हे तुमाले तुमच्या आईनं सांगतलं असन. लावाचं असन तं लावा. मी काही अडवत नाई."

त्यांनी बायकांकडे पाहिले. झाकण परत लावले.

डोमा घरी निघून गेला. आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला भावजय आली. तिने मला तिच्या चपला दिल्या.

परतीच्या गाडीत पंचफुला म्हणाली, "तुह्या भावाचं वावर गेलं तं?"

"गेलं तं माह्या डोक्यावर."

"माह्याबी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

मी त्या कोरणाऱ्याचा विचार करत होते. तो आज धुऱ्यावर आला तर आमच्यापैकी कोणालाही ओळखणार नाही. पंचफुलाला नाही, मला नाही, निळ्या डब्याला तर नाहीच. त्याने आमच्यासाठी काही कोरले नव्हते. तरी आम्ही सगळे त्याचे वारस म्हणून रांगेत उभे, आणि प्रत्येकाला पहिला नंबर हवा. देशही असाच मागे हात घालून आपला बाप शोधतो. शोधू द्यावा. बापाचे नाक मात्र आपल्यासारखे कोरायला जाऊ नये.

आता भावजय फोनवर सांगते ते असे. झेंडावंदन शाळेतच झाले, मग पोरे रांगेने चाक पाहून गेली. एका बाजूने नारळ फुटतात, दुसऱ्या बाजूने मेणबत्त्या लागतात. कडेचे थोडे धान तुडवले गेले. मापे घेणारे साहेब आले, फोटो काढून गेले, पुढे काय ते बोलले नाहीत. डोमा माझ्याशी अजून बोलत नाही. पण त्याने गोठ्यावरचे पत्रे काढले, धुऱ्यावर चार खांब रोवले आणि ते दगडावर घातले. बैल भिजतात. बायकोने विचारले तर म्हणाला, त्यांना भिजायची सवय आहे, मायला नाही.