रिकामी जागा नसलेलं रान

नवसाबाई भोयेच्या पाड्याने सव्वीस वर्षं एक रान राखलं. पेठच्या डोंगरातला हा पाडा. रोज एका घराची पाळी. दाराशी राखणीची काठी टेकवलेली दिसली की त्या घरातल्या दोघांनी दिवसभर रानात फिरायचं, कुऱ्हाडवाल्याला हाकलायचं आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दारी नेऊन ठेवायची. पगार नाही, भत्ता नाही. ही पाळी सुरू केली नवसाबाईनेच. तेव्हा ती तिशीची होती आणि तोंडाने आजच्याइतकीच फटकळ.

अडचण होते माघ लागला की. पाड्यातली धडधाकट माणसं दिंडोरीकडे द्राक्षं तोडायला जातात, आणि वणव्याचे दिवसही नेमके तेच. मागे उरतात म्हातारे. म्हणून लोकसहभागातून जंगल राखणाऱ्या गावांना अनुदान मिळणार असं कळलं, तेव्हा नवसाबाईला वाटलं, देव पावला. उन्हाळ्यापुरती सहा जणांना मजुरी मिळाली तरी ते घरी राहतील आणि रान वाचेल.

पाहणीला नाशिकहून एका संस्थेचा हर्षल आला. नवसाबाईने त्याला दिवसभर हिंडवलं. साग, ऐन, हिरडा, करवंदीच्या जाळ्या, सगळं दाखवलं. त्याच्या कागदावर ‘रिकामे क्षेत्र’ असा एक रकाना होता. त्याने विचारलं, तशी बाई ताठ मानेने म्हणाली, "रिकामं? तळहाताएवढं दाखवून द्या, नाव बदलीन."

झालं, हात दाखवून अवलक्षण! पंधरा दिवसांनी उत्तर आलं. रोपं लावायला जागा नाही, सबब गाव अपात्र.

आता या शहाण्यांना काय म्हणावं? ज्यांनी रान उभं ठेवलं त्यांच्या हाती भोपळा, आणि ज्यांनी तोडून खाल्लं त्यांना खड्डे खणायला पैसे. वर योजनेचं नाव वनसंवर्धन.

हर्षल माणूस वाईट नव्हता. तो परत आला, ग्रामसभेत बसला आणि तोडगाही घेऊन आला. "मावशी, पाच एकरांतली नुसती झुडपं काढून टाका. फोटो काढू, खड्डे खणू, रोपं लावू. अनुदान मिळून जाईल."

"त्याच झुडपांच्या आडोशाला हिरड्याची रोपं वाढत्यात, दादा," नवसाबाई कडाडली. "ती उपटून तुमची लावायची? कुनाच्या डोक्यातून निघालं हे?"

तिचा पुतण्या सुनील उठला. "काकी, पाच एकर गेलं तर जाऊ दे. बाकीचं तरी राहील. मला काय हौस हाय व्हय, बायकापोरं घेऊन दुसऱ्याच्या मळ्यात पाल ठोकायची?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. रानासाठी राबणाऱ्या पोरालाच रान तोडायची गळ घालायला लावली होती त्या कागदाने!

"आज पाच साफ केलं, तर उद्या दहा मागतील," ती म्हणाली. "मग काठी फिरवायची कशाला?"

हात वर झाले. तिच्या बाजूने चार जास्त भरले. हर्षल कागद गुंडाळून निघून गेला, आणि माघात सुनीलही मळ्यावर गेला.

फाल्गुन सरता सरता एका दुपारी वरच्या रस्त्याकडून धूर आला. चौदा म्हातारी माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन धावली आणि दिवस मावळेपर्यंत आग झोडपत राहिली. त्यांच्यातल्या पुंजाबाबाचे हात कोपरापर्यंत भाजले. अकरा एकर रान जळून गेलं.

तिसऱ्या दिवशी हर्षलचा फोन आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, तसं त्याने सांगितलंही. मग जरा चाचरत म्हणाला, "मावशी, वरच्या साहेबांनी निरोप दिलाय. आता तुमचं गाव योजनेत बसतं. अकरा एकर रिकामं क्षेत्र आहे. अर्ज पुन्हा पाठवा, लगेच मंजूर होईल."



"पाठवते," नवसाबाई म्हणाली. "त्या रकान्यात अकरा लिहिते. पन पहिला खड्डा खनायला तुमच्या त्या साहेबांनाच धाडा. अनवानी धाडा. राखंत खोडं अजून धुमसत्यात."