पाच दिवसांच्या माळा

लालबागच्या चाळीत आमच्या वाडीची एक खोली आहे. पूर्वी गिरणीतले गावकरी तिथे पाळीपाळीने झोपायचे. आता रविवारी मुंबई मंडळाची सभा भरते आणि मी सूत्रसंचालन करतो. म्हणजे तोंड चालवतो.

वाडी आमची कोकणात, डोंगरावर. विजेचा खांब तिथवर कधी चढलाच नाही. शेवटी मंडळाने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, सौर पॅनल, एक पवनचक्की आणि वीज साठवायला बॅटऱ्या बसवल्या. ऊन नसेल तेव्हा वारा, वारा नसेल तेव्हा ऊन. घरोघरी दिवे लागले, विहिरीचं पाणी पंपाने वर चढू लागलं. उद्घाटनात पुढे बसलेल्या शेजारच्या काकीकडे बोट दाखवून मी गर्जना केली, "यापुढे काकीच्या डोक्यावर हंडा दिसेल तो फक्त फोटोत!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

यंदा गणपतीला आम्ही चाकरमानी लायटिंगचे खोके घेऊनच गेलो. वर्षभर कुलपात असलेल्या घरांत मखरं झगमगली. मी तर बाप्पाच्या मागे फिरतं चक्र लावलं. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. पण माळा काही विझल्या नाहीत. आपलीच वीज, म्हणून मी छाती फुगवून फिरलो.

मुंबईत परतलो आणि कळलं, काकीला परळच्या इस्पितळात आणलंय. मांडीचं हाड मोडलं होतं. मी हजर.

"काय गं काकी, या वयात फुगड्या?"

काकी हसली. "तुझा चक्र दाखव बघूया."

मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. चक्र फिरतंय, मुलं नाचतायत, आणि दारासमोरून काकी चाललीय, डोक्यावर हंडा. पाठोपाठ माझाच आवाज, "काकी, बाजूला हो गं, चक्र झाकतंय!"

मी विचारलं, "पंप बिघडला होता का?"

उशाशी मोसंबं सोलणारी तिची सून म्हणाली, "पंप लावलो काय तुमच्या माळा विझतत. म्हणान गणपतीत पंप बंदच. आमी पाण्याक बावीवर जातव. तुमी निघालात त्याच दिसा थयच पडली ती."

"गप गो!" काकी तिच्यावर डाफरली. "पाच दिवस येतत माझी पोरां. तेंका काळोखात बसवू?" मग माझा हात धरून म्हणाली, "मंडळात बोललंस तर माझी शपथ आसा."

तिच्या पायाला वजन लटकवलेलं होतं. मी मोबाइल खिशात सरकवला.

रविवारी सभेत विषय निघाला, पुढच्या वर्षी देवळावर मोठी रोषणाई करायची. सगळे उत्साहात. "बोला, सूत्रधार!"

शपथ फक्त न बोलण्याची होती. मी मोबाइल मधोमध ठेवला आणि व्हिडिओ लावला.

माझा आवाज आला तसे सगळे हसले. मीच तेवढा चटईकडे बघत होतो. मग खजिनदाराने व्हिडिओ थांबवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"अरे, पंप आहे ना? मग काकी हंडा घेऊन कुठे चाललीय?"

नीट ऐकू यावं म्हणून कोणीतरी पंखा बंद केला. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी पडद्यावरच्या चक्रावर बोट ठेवलं.