पहिल्याच पानावर अडलेल्यांचे चाचा

टेलिफोनवर चिडणारी माणसं मी हजारांनी पाहिली. पण टेलिफोनच्या पुस्तकावर चिडून ते अख्खं नव्यानं लिहायला बसलेला माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला, ते म्हणजे आमचे चाचा. आमचे म्हणायचं एवढंच, रक्ताचं नातं काही नाही. मी धर्माबादचा, नववीतून शाळा सोडलेला. ते लातूरच्या जुन्या वस्तीतल्या मुसलमान घरातले, लाईनमन म्हणून खांबावर चढण्यात उमर घालवून रिटायर झालेले. रिटायर झालेली माणसं बागेत फिरतात, नातवंडं खेळवतात. चाचांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यात जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं एक फुकट सॉफ्टवेअर घातलं. ते घातलं की साध्या कॉम्प्युटरचं अख्खं टेलिफोन एक्स्चेंज होतं. आतलं सगळं उघडं, कुणीही बघावं, कुणीही बदलावं. पण शिकायचं पुस्तक असं, की पहिलं पान समजायला शेवटचं पान आधी समजलेलं पाहिजे. चाचा ते पुस्तक हातात घेऊन कडाडायचे, "दरवाजा उघडा हाय म्हणतेत, आन् पायऱ्याच बांधल्या न्हाईत! मानसानं काय उडी मारून जावं का?"

या रागाचं मूळ भूकंपात होतं. तेव्हा त्यांना औशाकडच्या एका छावणीत तंबूत टेबल मांडून फोन लावून द्यायला पाठवलं होतं. लाईन त्यांनी एका दिवसात ओढली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा हातात भावाच्या नंबरची चिठ्ठी घेऊन तासभर नंबर फिरवत बसला. लागेना. भाऊ पण गेला असं समजून तो रडायला लागला, तेव्हा चाचांनी चिठ्ठी पाहिली. परगावचा नंबर, आधी शून्य लावायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ही गोष्ट चाचा प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि शेवटी टेबलावर मूठ आपटायचे, "मशीन चालू व्हती. शिकवनारा बंद व्हता."

त्या दिवसांत लातुरात जिकडं पाहावं तिकडं क्लासेसच्या पाट्या आणि पाट्यांवर नव्व्याण्णव टक्केवाल्या पोरांचे फोटो. त्यांच्या बरोबर समोर चाचांच्या पत्र्याच्या खोलीवर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'टेलिफोन शिका. नापासांनी आधी आत यावे. पास झालेल्यांनी बाहेर थांबावे.' मी जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. ती पाटी वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी आपला नंबर आधी आहे असं वाटून आत गेलो. नाव त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याकडं माणसं गावावरून ओळखली जात. "ए नायगाव, जरा सरक. धर्माबाद, तू हितं बस." बस, त्या दिवसापासून मी धर्माबाद.

त्यांचं पुस्तक कसं लिहिलं जायचं ते एकदा बघण्यासारखं होतं. चाचा एक पान लिहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. आत चाची तूरडाळ निवडत बसलेल्या असत. आतून "न्हाई कळलं" असा आवाज आला की पान फाडायचं. एकदा चाचांनी दोन एक्स्चेंजांना जोडणाऱ्या ट्रंक लाईनवर चार पानं लिहिली. चाची म्हणाल्या, "ट्रंक म्हंजी पेटीच ना? मग फोन पेटीत कशाला कोंडून राहिले तुमी?" चार पानं फाडली. चाचा आम्हाला म्हणाले, "हिला कळलं की दुनियेला कळलं. मोठमोठ्या इंजिनियराला कळून काय उपेग? त्यो तर न कळताच मान हलवतो." शेवटी त्यांनी असा प्रोग्राम केला की हुकूमच आपल्या बोलीत लिहावेत. फोन उचलायचा तर लिहायचं 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो'. रेकॉर्ड केलेलं ऐकवायचं तर 'ऐकव'. थांबायचं तर 'दम धर'. आणि फोन ठेवायचा तर 'रामराम'.

सहा महिन्यांत मला बऱ्यापैकी जमायला लागलं. पण थोरल्या भावानं बजावलं होतं, "या उन्हाळ्यापर्यंत बघतो. कुटं चिकटला तर ठीक, न्हाई तर मिरचीच्या आडतीत पोती उचलायला गुमान परत ये." तेवढ्यात एका मोठ्या क्लासच्या मालकांनी प्रवेशाच्या दिवसासाठी चाचांना आपोआप फोन उचलून फी सांगणारी व्यवस्था करायला सांगितली, आणि नीट चालली तर ती सांभाळायला माणूस कायमचा ठेवू म्हणाले. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "ह्यो बसवंल." मालकांनी माझं शिक्षण विचारलं. "टेलिफोनपुरतं झालंय," चाचा म्हणाले.

आदल्या संध्याकाळी सगळं तपासलं. सुरळीत. रात्रभर मला झोप नाही. मालक जाताजाता बोलले होते, "पालक लांबून फोन करतात, आधी अदबीनं नमस्कार झाला पाहिजे." पहाटे मला वाटलं, खरंच की, आपलं मशीन फोन उचलून एकदम फीच सांगायला लागतं, हे काही बरं नाही. पुस्तकात 'रामराम' होतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी असायचं, म्हणून मी समजत होतो की मशीन तोंडानं रामराम म्हणतं. आमच्याकडं माणूस आला तरी रामराम आणि निघाला तरी रामराम. सकाळी ऑफिस उघडताच मी 'हाव'च्या खाली अदबीनं 'रामराम' लिहिलं आणि निवांत चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा ऑफिसात हलकल्लोळ. मशीन प्रत्येक फोन उचलत होतं आणि उचलल्या उचलल्या तोंडावर ठेवत होतं. मालक लालबुंद. "चाचा, हा कोण येडा आणलाय? तुमच्या पाटीवरचा नापास लेकाचा! याला आत्ता घालवा. दुसरा पदवीवाला पाठवा, काम तुमचंच राहील."

डोळ्यांपुढं मिरचीची पोती. चाचांनी चष्मा लावला, मी लिहिलेली ओळ वाचली. मग ती ओळ पुसली. पुढचा फोन वाजला, मशीननं उचलला आणि फी सांगायला सुरुवात केली.

"पोराची चूक न्हाई," ते मालकांकडं वळून म्हणाले. "पुस्तकाची हाय. ह्यो एकच शब्द मी घरात न विचारता घातला. पैल्यांदा वाचणाऱ्याला जे उलटं कळतं, ते लिहिणाऱ्यानंच उलटं लिहिलेलं असतंय."

"ते पुस्तकाचं राहू द्या. पोरगा राहायचा नाही."

"मग मशीन बी राहायची न्हाई."

आणि प्रवेशाच्या ऐन गर्दीत, पालकांनी भरलेल्या त्या हॉलमधून, सत्तरीकडं झुकलेल्या त्या माणसानं कॉम्प्युटर काखोटीला मारला आणि चालायला सुरुवात केली. मागून वायरी गोळा करत मी. मालक हाका मारत राहिले. चाचांनी मान वळवली नाही. ऑटोत बसल्यावर मला रडू आवरेना. माझ्यापायी एवढं मोठं काम गेलं होतं. चाचा रस्त्याकडं बघत बसले होते. खोलीपाशी उतरल्यावर एवढंच बोलले, "त्या धड्याला नवा शब्द शोधायचा हाय. उद्या सकाळी सहाला ये. उशीर करू नको."

मी गेलो. त्यानंतर चार वर्षं रोज गेलो. भावाला निरोप धाडला, आडतीत दुसरा माणूस बघ म्हणून. आज मस्कतच्या एका कंपनीचे सगळे फोन माझ्या भरवशावर चालतात, आणि अजूनही घंटी वाजली की उचललेला फोन टिकतो का ते मी आधी बघतो. चाचा आता खाटेवर असतात, बोलणं कमी झालंय असं चाची सांगतात. दरसाल जाईन जाईन म्हणतो. इथल्या घड्याळात सहाचा ठोका पडतो तेव्हा मी कामाला बसलेला असतो. लातुरात त्या वेळी साडेसात झालेले असतात, चाचांचे सहा कधीच वाजून गेलेले.