कमानीच्या लाइनीतली आमची गादी

मी वर्धा सोडलं तेव्हा ऑटोत दोन बॅगा होत्या आणि मांडीवर सांबारवडीचा डबा. हैदराबादची नोकरी, पहिलीच. कमानीच्या लाइनीतले सगळे दुकानदार आपापल्या दुकानापुढे येऊन पाहत होते. आई रडत नव्हती, कारण सगळे पाहत होते. बाबा ऑटोपाशी आले, बॅगेची दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "कोनाच्या अंगावर धावून जाऊ नको तिथं. तुह्या जिभेले हाड नाई." आशीर्वाद म्हणून एवढंच. हैदराबादेत माझे तीन मॅनेजर बदलले, त्यातल्या दोघांशी माझं वाजलं, आणि दर वेळी बाबांचं बोलणं आठवलं ते वाजून झाल्यावर.

लाइनीतल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. पुण्यात, नागपुरात, परदेशात गेलेल्यांसाठी, आणि जे तिथंच राहिले त्यांच्यासाठीही. कमानी पाडल्याचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर आले तेव्हा तुम्ही रडके चेहरे पाठवले. मला राग आला. काही जणांनी तर खाली 'विकास पण हवाच ना' असंही लिहिलं. पाठवा, लिहा, माझं काय जातं! पण त्या दिवशी मी तिथं होतो, नुसता होतो असं नाही, अडकून बसलो होतो. ते तुम्हाला ठाऊक असावं.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. शंभरी पार केलेली ती दगडी लाइन, सागवानी तुळया, पुढे कमानी. कापसाच्या पेढ्यांसाठी बांधलेली. पेढ्या गेल्या, मग किराणा, कापड, भांडी आली. आमचं दुकान दोरांचं. कासरे, दावे, वेसणी, घुंगरमाळा, झुली, आणि पोळ्याच्या आधी बैलाच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैलही. आमच्याकडे माप बैलावरच घ्यायचे. शेतकरी बैल घेऊन यायचा, बैल कमानीखाली उभा राहायचा आणि बाबा गादीवरूनच हात लांबवून त्याच्या कपाळाला मठाटी लावून पाहायचे. माझं अर्धं लहानपण शेण उचलण्यात गेलं. आता मी राहतो त्या सोसायटीत कुत्र्यालाही सर्व्हिस लिफ्टनं न्यावं लागतं.

रस्ता रुंद करायचा, मागे कॉम्प्लेक्स बांधायचं, असं ठरलं. मीटिंगा झाल्या, मोर्चा झाला, मोर्च्यातले अर्धे लोक दुसऱ्या दिवशी सही करून आले. बाबांना शहराला लागूनच, पिपरी मेघेला, एका नव्या इमारतीत गाळा मिळाला; तो त्यांनी कागदावरच पाहिलेला. त्यांनी मला फोन केला. तक्रार नाही, रडणं नाही. म्हणाले, "सामान हलवाचं हाये. एक दिवस ये. गादीवर बसाले कोनी पायजे."

आमच्यात ही रीत आहे. दुकान हलवताना जुनी गादी रिकामी ठेवायची नाही. नव्या जागी गादी मांडून, पूजा करून, नारळ फुटल्याचा निरोप येईपर्यंत घरातल्या माणसानं जुन्या गादीवर बसून राहायचं. मधेच उठला तर गादी मोडली म्हणतात, आणि ते ज्याच्या हातून झालं त्याचं नाव लोक पिढ्यान्‌पिढ्या घेतात. आमच्या लाइनीत असं एक घराणं होतं. त्यांचं खरं आडनाव कुणाला आठवत नाही, त्यांना 'गादीमोडे'च म्हणायचे.

मी म्हटलं, एक दिवसाचं काम आहे, संध्याकाळच्या गाडीनं परत निघू. दुकान रिकामं झालेलं. मागच्या भिंतीवर दोरांच्या गुंडाळ्यांचे गोल डाग तेवढे उरलेले. पुढे कमानीशी गादी, तिच्यावर पांढरी चादर. बाबांनी मला बसवलं, पाया पडू दिलं नाही, आणि सामानाच्या टेम्पोत बसून पिपरी मेघेला गेले. मी लॅपटॉप उघडला. लाइनीच्या त्या टोकाला जेसीबी लागला होता. प्रत्येक धडाक्याला मीटिंगमधले लोक विचारायचे, तुमच्याकडे काय चाललंय? मी म्हणायचो, कन्स्ट्रक्शन.

तेवढ्यात समुद्रपूरकडचे सुखदेवकाका आले, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांना दुकान हलल्याचा पत्ताच नव्हता, कासऱ्यासाठी एसटीनं आले होते. मला गादीवर पाहिलं आणि पायरीवरच उभे राहिले. "वापस आला का बापू? चांगलं केलं. बापाचं वय झालं आता."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला 'नाई' म्हणता आलं नाही. म्हटलं, "बसा न काका." तिथंच फसलो. काका पलीकडे चहा प्यायला गेले, तिथं सगळ्यांना सांगितलं आणि मग काय विचारता! जे अजून दुकान आवरत होते ते एकेक करून आले. कोणी पेढा आणला. कोणी पाठीवर थाप मारली. "आता पिपरी मेघेले तूच बसशील तं." ज्यांची स्वतःची पोरं बाहेरगावी गेली होती तेच जास्त खूश होते. मी हसत होतो, पेढे खात होतो आणि आतून नुसता चडफडत होतो. उठून ओरडावंसं वाटत होतं, की मी संध्याकाळच्या गाडीनं चाललोय. पण उठायचंच तर नव्हतं.

दुपारी आईनं डबा आणला. लघवीला जायचीही पंचाईत झाली होती. आई म्हणाली, "जा, मी बसतो." परत आलो तर ती पदर नीट घेऊन ताठ बसलेली. चादरीवरून हात फिरवत म्हणाली, "इतकी वर्सं झाली लग्नाले, आज पहिल्यांदा बसली इथं." आणि लगेच उठून, माझ्याकडे न पाहता, घरी गेली.

जेसीबी जवळ येत गेला. भांड्यांचं दुकान गेलं. मग शेजारचं कापडाचं. धुळीनं चादर विटकरी झाली. कामावरचा सुपरवायझर आला, केळझरकडचा, तरणाच होता. हात जोडून म्हणाला, "गादीवर मानूस बसला असल तं आमी हात नाई लावत दादा. आमच्याबी घरी दुकान होतं. पन वरून फोनवर फोन येऊन राह्यले." मी बाबांना फोन लावत होतो. ते उचलत नव्हते. बाहेर जेसीबी थांबला, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागला, आणि अख्खी लाइन माझ्याकडे पाहू लागली. गाडीची वेळ होत आलेली. एवढ्या मोठ्या रिकाम्या दुकानात मला श्वास घ्यायला जागा नव्हती.

शेवटी बाबा ऑटोनं आले. हातात नारळ होता, न फोडलेला.

पायरीवर बसले. नारळ शेजारी ठेवला. मग म्हणाले, "वरच्या माळ्यावर हाये तो गाळा. काचेचा दरवाजा. खाली वॉचमन म्हनते, ढोरं आत नाई आनाची. बैल कुठी उभा करू? माप कशावर घेऊ?" नारळ उचलून पुन्हा हातात घेतला. "नाई मांडली मी गादी. हातच नाई उचलला."

मला संताप आला. मी म्हटलं, "मग मी काय इथंच बसून राहू, बाबा? जन्मभर?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. आणि मला स्वच्छ दिसलं, की निदान एक क्षणभर त्यांनाही तेच हवं होतं. पोरगा गादीवर बसलेला, पुढे गिऱ्हाईक, लोक पेढे वाटताहेत. मला त्यांचा राग आला, कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, तिथंच बसून राहावं असंही वाटलं. तिन्ही एकदम. उठलो तर घराण्याचं नाव जाणार, बसलो तर माझं सगळं.

बाबा पायरी चढून आले. "सरक तिकडं," म्हणाले. माझ्या बाजूला टेकले, मला खांद्यानं सरकवत सरकवत गादीच्या मधोमध बसले. मग म्हणाले, "आता ऊठ."

मी उठलो.

ते बसून राहिले. सुपरवायझर, ड्रायव्हर, सुखदेवकाका, लाइनीतले सगळे बाहेर उभे. बाबांनी चादरीवरची धूळ झटकली, गुडघ्यावर हात टेकला आणि स्वतः उठले. सगळ्यांसमोर, मुद्दाम, सावकाश. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "कोनी इचारलं तं सांगजो, बापानं मोडली. पोरानं नाई."

सुखदेवकाकांनी टोपी काढली. मला गाडी मिळाली.

गावात आता बाबांना काय म्हणतात ते मला कळलंय. मी इथं लिहिणार नाही. तुम्हीही म्हणू नका, एवढंच मागणं आहे.

आता ते आणि आई पिपरी मेघेला फ्लॅटमध्ये राहतात. गाळा त्यांनी मोबाइलच्या दुकानाला दिला. बाबा सकाळी आंघोळ करून, टोपी घालून तयार होतात आणि बाल्कनीत उभे राहतात. तिथून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते. आई म्हणते, दिवसातून दहादा दार उघडून पाहतात आणि लावून घेतात.

मला आता कुणी अडवत नाही. वाटेल तेव्हा जाता येईल, येता येईल. दिवाळीला घरी येतो म्हणून मी फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "काऊन? इथं तुह्यं काय काम हाये आता?" रागानं म्हणाले असते तर भांडलो असतो. ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी फोन कानाला धरून दार उघडून पाह्यलं, आन लावून घेतलं.