वाट्याला आलेला रस्ता

बेला गावाच्या पुढे, सीमेलगतच्या जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात मी चार वर्षं मराठी शाळेचा मास्तर होतो. राज्य तेव्हा आंध्र प्रदेश होतं आणि गावापर्यंत डांबर पोचलेलं नव्हतं. जंगलातून येणारा मातीचा रस्ता गावकरीच राखायचे. बैलाच्या कासऱ्याने मोजून प्रत्येक घराला रस्त्याचा एकेक वाटा नेमून दिलेला होता, वाट्याच्या दोन्ही टोकांना चुना लावलेले दगड. पोळ्याआधी आणि दिवाळीनंतर ज्याने त्याने आपल्या वाट्यावर मुरूम टाकायचा. मला ही पद्धत इतकी आवडली की मी ती वर्गात कौतुकाने समजावून सांगितली. मुलांनी ऐकून घेतलं. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

मग जीपवाले यायला लागले. पावसाळ्यात रविवारी, हैदराबादच्या नंबराच्या, मोठ्या चाकांच्या चार-पाच जीप. त्यांना कुठेच जायचं नसायचं. चिखल शोधायचा, त्यात जीप घालायची, चाकं गरगर फिरवत बाहेर काढायची आणि पुन्हा घालायची. पहिल्यांदा मला वाटलं बिचारे अडकलेत, म्हणून मी धावत गेलो. ते हसले, मला बिस्किटं दिली आणि हिंदीत म्हणाले की तुमचा रस्ता फार छान आहे. छान म्हणजे खराब, हे मला घरी आल्यावर उमगलं. माणसं इतकी गोड की भांडायचं कसं तेच कळेना, त्यातून तोंडात त्यांचंच बिस्किट.

नाल्याजवळचा सगळ्यात खोलगट वाटा एका मावशींच्या घराचा होता. साठीच्या, एकट्या. मुलगा भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तिकडे चल म्हणायचा, पण त्या हलायला तयार नव्हत्या. चिखल तिथेच असायचा, म्हणून जीपही तिथेच. बाकी गावाचे वाटे धडधाकट आणि मावशींच्या वाट्यात चाकांच्या गुडघाभर चाऱ्या. दर सोमवारी त्या फावडं-टोपलं घेऊन निघायच्या. मी गावच्या पटेलांकडे जाऊन सुनावलं की हा अन्याय आहे, सगळ्यांनी मिळून भरायला हवं. पटेलांनी ऐकलं, चहा पाजला आणि पिकापाण्याचं बोलायला लागले. मला भयंकर राग आला.

पुढे मावशी तापाने पडल्या. एका सुट्टीच्या दिवशी मी आणि शाळेतले दुसरे मास्तर, दोघांनी माळावरून मुरूम खणून आणला, चाऱ्या भरल्या, चोपून सारख्या केल्या. पाठीचा पार चुराडा झाला, पण मी खूश होतो. जाणारे बैलबंडीवाले आमच्याकडे बघून मान खाली घालत होते. एकाने टोपी काढली. मला वाटलं, आमच्यासाठी.

संध्याकाळी मावशी माझ्या दारात. अंगात ताप, दाराची चौकट धरून उभ्या.

"गुरुजी, मी मेली का?"

मी म्हटलं, अहो मावशी, तुमचा त्रास वाचावा म्हणून केलं.

"बंद झालेल्या घराचा वाटा दुसरे भरतेत. माहं घर काऊन बंद केलं तुमी?"

मी पटेलांकडे धावलो. ते म्हणाले, खरं आहे. दुसऱ्याने वाटा भरला की त्या घरात कोणी उरलं नाही असं गाव धरतं. दिवाळीनंतर वाटे पुन्हा नेमून देतात, त्या वाटपात त्या घराचं नाव पुकारत नाहीत, घराची जागाही गावाकडे येते. मी विचारलं, मग मी आलो तेव्हा हे बोलला का नाहीत?

"तुमी सांगून राह्यले होते, गुरुजी. इचारलं कुठं?"

सकाळी नाल्यावर गेलो तर मावशी आमचा मुरूम उकरून काठावर टाकत होत्या. मी फावड्याला हात घातला तर त्यांनी ते मागे ओढलं. सगळा उकरून झाल्यावर तोच मुरूम टोपल्या-टोपल्याने पुन्हा भरायला घेतला. मध्येच दगडावर टेकायच्या, धाप लागलेली, की पुन्हा उठायच्या. तापातल्या बाईने चांगला भरलेला खड्डा उकरायचा आणि परत भरायचा, मी मास्तर असून नुसतं बघत उभं राहायचं. मला रडावं की हसावं कळेना.

दिवाळीनंतर वाटपाच्या दिवशी सगळं गाव रस्त्याने चालत निघालं. पटेल दगडादगडाशी थांबून घराचं नाव पुकारत होते. नाल्याशी आल्यावर ते जरा जास्तच थांबले, मुरमावर टाच दाबून पाहिली आणि मावशींच्या घराचं नाव पुकारलं.

"हाय," मावशी म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या खड्ड्यातून त्यांना सोडवायला मी निघालो होतो तोच खड्डा त्यांना परत मिळाला, आणि मला कोण आनंद झाला. दुसरे मास्तर विचारत होते, काय झालं. मी गावामागोमाग पुढच्या दगडाकडे चालू लागलो.