तिरप्या उन्हात वाचलेलं जयपूर

मस्कतचं घर सोडताना माझ्या हातात सात याद्या होत्या. विकायचं, वाटायचं, टाकायचं, विमानाने न्यायचं, जहाजाने पाठवायचं, शेवटच्या दिवशीचं, आणि सातवी जयपूरला पोचल्यावरची. त्या घरात एकवीस वर्षं काढली. तिथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, मुलगा वाढवला. निघताना भिंतींतले खिळे काढून भोकं बुजवली, ओट्यावरचा हळदीचा डाग घासून काढला. घरमालक किल्ल्या घ्यायला आला. चारी खोल्या फिरून म्हणाला, "इथे कुणी राहत होतं असं वाटतच नाही." मला ते कौतुक वाटलं.

माझे पती माधव डॉक्टर आहेत. जयपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना शिकवण्याची नोकरी मिळाली होती. सांगलीची माझी बहीण फोनवर म्हणाली, "एका परक्या देशातून उठून दुसऱ्या परक्या देशात निघालीस की गं." जयपूर भारतातच आहे, असं मी तिला सांगितलं. "बघ तू," ती म्हणाली.

ऑक्टोबरात आम्ही पोचलो. दुर्गापुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर घर, वर गच्ची, खाली निंबाची रांग, आणि अधूनमधून स्टेशनातली गाडीची शिटी. पहिल्याच आठवड्यात बहिणीचं म्हणणं पटलं. मी सोडून गेलेला देश राहिला नव्हता आणि हा मला ठाऊक नव्हता. गॅसपासून रिक्षापर्यंत सगळं फोनवर येणाऱ्या आकड्यांवर चाले. नळाच्या माणसाला सकाळी दहाची वेळ दिली होती, तो दुपारी चारला आला. मी घड्याळ दाखवलं तर हसून म्हणाला, "आ तो गया ना, भाभीजी." खाण्याच्या बाबतीत मात्र तक्रार नव्हती. शेजारच्या बाईंनी बेजडची रोटी (जव, हरभरा आणि गव्हाच्या मिश्र पिठाची भाकरी) आणि लसणाची चटणी पाठवली, ती खाताना सांगलीची ज्वारीची भाकरी आठवली.

सातव्या यादीत चौतीस कामं होती. अकराव्या दिवशी ती संपली. माधव सकाळी आठला जात, संध्याकाळी सातला येत. मधल्या अकरा तासांसाठी माझ्याकडे यादी नव्हती.

शैलावहिनी भेटल्या त्या भाजीवाल्यासमोर. मी शेपूच्या जुडीकडे बोट दाखवून तिला हिंदीत काय म्हणतात ते आठवत होते. मागून आवाज आला, "सोया म्हना, सोया. मराठी हाय न्हवं तुमी? मग कशाला हिंदीत कुथताय?"

त्या गडहिंग्लजच्या. यजमान सैन्यात सुभेदार, निवृत्तीला तीन आठवडे उरलेले. छावणीच्या क्वार्टरमध्ये त्यांनी मला चहाला नेलं. घरभर बांधाबांध चालली होती. खोलीच्या मधोमध एक काळी पत्र्याची पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली नावं एकावर एक रंगवून झाकली होती.

"ही आमच्यासंगं न्हाई यायची," वहिनी म्हणाल्या. "ही इथलीच. मतलब, हिला मालक न्हाई."

पेटीत मराठी पुस्तकं होती. कधीतरी एका जवानाच्या बायकोने ती सुरू केली. बदली झाली की ती मागे राहणाऱ्या मराठी घरात जायची, जाणारीने एक पुस्तक घालायचं. बहुतेक पुस्तकांना जयपूरजवळच्या बगरू गावच्या छापील कापडाची कव्हरं शिवलेली होती. आता छावणीत वाचणारं मराठी घर वहिनींना सापडत नव्हतं. "पोरं हिंदी शाळेतली. अक्षरं वाचत्यात, पर चार ओळींत दमत्यात. तुमी घ्या ताई. तुमच्याकडं येळ हाय, तोंडावरच दिसतंय."

पेटी घरी आली आणि मला यादी मिळाली. त्या तीन दिवसांइतकी खूश मी जयपुरात आधी नव्हते. पुस्तकं गच्चीवर उन्हात घातली, ब्रशने झटकली, डांबरगोळ्या आणल्या, क्रमांक लावले. सदुसष्ट पुस्तकं. एका जाड कादंबरीची पहिली आठ पानं आणि कव्हर गेलेलं, तिच्यापुढे वहीत लिहिलं: 'नाव नाही'. कित्येक पुस्तकांत समासात पेन्सिलने खरडलेलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात असल्या मुलांना मी उभं करत असे. खोडरबर घेतलं आणि बसले. अकरा पुस्तकं स्वच्छ झाली. बारावं घेताना मान दुखायला लागली म्हणून थांबले.

डिसेंबरात एका दुपारी गडहिंग्लजहून वहिनींचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि त्या म्हणाल्या, "ताई, एक काम हुतं. ती बिननावाची कादंबरी हाय न्हवं, तिच्या शेवटच्या कोऱ्या पानाचा फोटू धाडा. कुसुमनं लिहिलंय त्यावर."

कुसुम त्यांची जयपूरच्याच आधीच्या बदलीतली शेजारीण होती. दोघींच्या घरात एकच कादंबरी असायची, दिवसा एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे, आणि समासात दोघी एकमेकींना लिहायच्या. चार वर्षांपूर्वी कुसुम आजारपणात गेली. तिची मुलगी चिनू, तिचं माघात लग्न होतं. "पोरीकडं आईच्या हातचं एक अक्षर न्हाई. घरच्या याद्या, चिठ्ठ्या, सगळं बदल्यांत गेलं. मी तिला कबूल केलंय, केळवणाला दाखविते म्हणून."

ते पान मी पुसलेल्या अकरा पुस्तकांतल्याच एका पुस्तकाचं होतं. मी म्हटलं, "पेटी अजून उघडली नाही हो, वहिनी. बघते."

मी सहसा खोटं बोलत नाही, त्याला फार लक्षात ठेवावं लागतं. माधवना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे पान उजेडात धरून पाहिलं. "चूक झाली. सांगून टाक."

"काय सांगू? मरून गेलेल्या बाईचं अक्षर मी पुसलं?"

"हो," ते म्हणाले. "दुसरं काय सांगणार?"

फोन केला नाही. त्याऐवजी बगरूला गेले. फाटक्या कव्हरांसाठी कापड आणायचं हे यादीत होतंच, आणि घरात बसवत नव्हतं. शहरापासून तासाभराचं अंतर. गावात शिरताच गल्ल्यांच्या कडेला कापडं वाळत पडलेली, गूळ आणि गंजक्या लोखंडाच्या काळ्या रंगाचा आंबूस वास. बाबूलालजी नावाचे म्हातारे छपाईवाले हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळट कापडावर तुरटीचा ठसा मारत होते. ठसा उठत होता, पण मला काही दिसत नव्हतं. तुरटीला रंग नसतो. लाल रंग पुढे उकळताना चढतो, तोवर सगळा कारभार अंदाजाचा, असं मला वाटलं.

ते मात्र प्रत्येक ठशानंतर वाकत, गाल जवळजवळ मेजाला टेकवत, आणि मग पुढचा ठसा नेमका जोडून मारत.

"आपको दिखता है?" मी विचारलं.

"ऊपर से देखोगी तो कुछ नहीं दिखेगा, बहनजी. बगल से देखो. जहाँ हाथ पड़ा है, वहाँ निशान तो रहता ही है."

मी वाकून पाहिलं. खिडकीच्या उजेडात ओल्या ठशांची अख्खी ओळ चमकत होती. कापड घ्यायचं विसरून मी सरळ घरी आले. वाटेत एका चौकापाशी गर्दीत रिक्षा वीस मिनिटं अडकली. माझी इतकी चुळबूळ चालली की रिक्षावाल्याने विचारलं, "अस्पताल जाना है क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गच्चीवर सतरंजी घातली, शाल गुंडाळली, आणि ती कादंबरी डोळ्यांच्या पातळीला धरली. जयपूरचं हिवाळी ऊन त्या वेळी आडवं येतं. पान थोडं कलतं केलं आणि कागदावर दाबल्याच्या खुणा दिसू लागल्या. शिसं गेलं होतं, पेन्सिल दाबल्याचा चर राहिला होता. कुसुमचा हात जड होता, माझं नशीब.

ऊन वर चढलं की खुणा नाहीशा होत. रोजचा जेमतेम पाऊण तास मिळे. घाई केली की अक्षर निसटे. एका सकाळी एक पान, कधी अर्धंच. आयुष्यात मी इतक्या हळू काही वाचलं नव्हतं. कुसुम लिहायची, 'हा नवरा आमच्या यांच्यासारखाच, जेवायला बोलावलं की पेपर उघडतो.' खाली शैलावहिनी: 'तुझा पेपर तरी वाचतो. आमचे नुसते धरतात.' एका पानावर, 'इथे रडले. तू?' आणि खाली, 'इथे नाही, मागच्या पानावर.' मी एकटी गच्चीवर मोठ्याने हसले, शेजारच्या बाई कपडे वाळत घालता घालता वळून बघायला लागल्या. सांगलीच्या शाळेत मैत्रिणीने मला भूगोलाच्या पुस्तकाच्या समासात असंच लिहिलं होतं. पुस्तक पुढच्या वर्गाला द्यायचं म्हणून तेही मीच पुसलं होतं. चाळीस वर्षांत ते एकदाही आठवलं नव्हतं.

शेवटच्या कोऱ्या पानाला चार सकाळी लागल्या. 'शैला, शेवट वाईट आहे. रात्रीचं वाचू नकोस. मी रडत होते तर चिनू उठून आली. म्हटलं, पुस्तकातली बाई गेली. तर ही टीचभर पोर मला म्हणते,' आणि पुढची ओळ लागेना. तिथे मी खोडरबर दोनदा फिरवलं असणार. भिंग घेतलं. 'प' दिसला, एक 'फ' दिसला. मराठीतला कुठलाच शब्द त्यांत बसेना.

त्याच दुपारी फोन केला. "वहिनी, मी खोटं बोलले. ते पान मी पुसलं."

पलीकडे कुकरची शिटी झाली.

"येकच?"

"अकरा पुस्तकं."

"आनी पुसायच्या आधी वाचलं?"

"नाही."

"ह्येच वंगाळ केलंत," त्या म्हणाल्या. "पुसायचं तर पुसावं. मान्सं वाचून तरी पुसत्यात."

मी त्यांना उन्हाचं सांगितलं, एक ओळ राहिल्याचं सांगितलं. "तीच वं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "मला बी ती आठवंना, म्हनून तर फोटू मागितला. आता पोष्टानं धाडू नगा. तुमी सोता घिऊन या, आनी चिनूला तुमीच सांगा."

गाडीने मिरज, तिथून दोन एसट्या. कादंबरी मांडीवर, बगरूच्या नव्या कापडात. ते आणायला मी पुन्हा गेले होते. कव्हर हाताने शिवलं, टाके वाकडे आले. गडहिंग्लजला वहिनींच्या घरी केळवणाची पानं वाढली जात होती. चिनू चोवीस वर्षांची, ठसठशीत, हातात हिरवा चुडा. मी तिला जेवणाआधीच सगळं सांगितलं. नंतर सांगायचं म्हटलं असतं तर माझ्याच्याने जेववलं नसतं.

तिने शेवटचं पान उघडलं. "मतलब, आता दिसत नाही?"

"दिसतं. बाजूने बघावं लागतं."

खोलीची खिडकी लावली. मी तिच्या मोबाईलचा दिवा पानाच्या कडेला टेकवून धरला. चिनू वाकली. मराठी ती अडखळत वाचत होती, एकेका अक्षरावर बोट ठेवून. 'शैला' वाचायला तिला वेळ लागला, 'शेवट वाईट आहे' ला त्याहून जास्त. वहिनी दाराशी पदर तोंडावर धरून उभ्या. शेवटच्या ओळीपाशी मी म्हटलं, "ही लागत नाही. मी चार दिवस..."

"पहले खाना खा ले, फिर रोएँगे," चिनू म्हणाली.

एका दमात, न अडखळता. मग तिने मान वर केली. "मम्मी हेच म्हणायची. मार्कं कमी पडली, पपांची बदली झाली, काही पण झालं तरी. मी तिलाच परत सांगितलं असेल तेव्हा." ती हसत होती आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी मराठी शोधत बसले होते. त्या घरात लेकीशी मराठी-हिंदी एकाच ताटात वाढलेली असायची.

"मग चला," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आईनं सांगितलंय. पानं वाढल्यात."

पुस्तक ठेवून घे, असं मी चिनूला म्हटलं. तिने पानाचे फोटो काढले, ओळीवरून दोनदा बोट फिरवलं, आणि ते माझ्या पिशवीत परत घातलं. "पेटीतलं आहे ना. आणि मावशी, वरून पेन्सिल फिरवू नका. असंच राहू दे."

परतताना मुंबईमार्गे आले, कारण तिथून सुटणारी जयपूरची गाडी दुर्गापुऱ्याला थांबते. सकाळची वेळ होती, माधव फलाटावर होते. हा प्रवास आटोपून आता दोन वर्षं झाली, पण त्या सकाळी आलेला विचार लख्ख आठवतो: या शहरात मी पाहुणी म्हणून उतरत नव्हते. जागा कळायला नकाशा लागतो, पण तिथे आधी राहून गेलेली माणसं कळायला वाकावं लागतं, आणि मी सगळीकडे ताठ उभी राहून बघत आले होते. मस्कतही तसंच पाहिलं असणार. तिथे कुणाच्या खुणा होत्या, ते आता कळायचं नाही.

घराच्या जिन्यात माधव म्हणाले, "कॉलेजने विचारलंय. वर्षभरात निघायचं, की आणखी दोन वर्षं थांबायचं. तू म्हणशील तसं."

मी हिशेब केला. रोज पाऊण तास, तोही थंडीतच. उन्हाळ्यात गच्चीवर टिकणं शक्य नाही.

"थांबू या," मी म्हटलं. "अजून दहा पुस्तकं राहिलीत."