मधली मोकळी जागा

परवा सयाजीगंजातल्या औषधाच्या दुकानात मलमाची बाटली फुटली. त्या उग्र वासासरशी मी कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर जाऊन पोहोचलो.

ओळीने चार सामने हरलो होतो. मी कप्तान होतो. सर म्हणाले, "बचाव सुधार, नाहीतर संघ बंद होईल." गोल सगळे मधूनच होत होते आणि तिथे हेमंत खेळायचा. छाणीहून सायकलने येऊन गुडघ्याला मलम चोळत बसायचा. मी त्यालाच काढलं.

"सरांनी सांगितलं?" त्याने विचारलं.

"हो," मी खोटं बोललो.

"वांधा नाही रे," म्हणत त्याने आपले चांगले बूट बदली खेळाडूला दिले.

पुढच्या सामन्यात आम्ही सहा गोल खाल्ले. हेमंत रेषेबाहेरून घसा फोडून ओरडत होता, "मागे ये! अरे, मागे ये!" मला वाटलं, तो त्या नव्या खेळाडूला सांगतोय. आज कळतं, गोल करायच्या नादात मीच पुढे धावायचो आणि मधली जागा मोकळी पडायची. पहिल्या सामन्यापासून.

संघ बंद झाला. मैदानातून निघताना हेमंतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी काय चूक? माझ्यामुळेच बिघडलं सगळं."

मी मान डोलावली.